शिक्का न बसलेली उड्डाणे

पाथरीत आम्ही टपालाची जुनी पाकिटे जमवतो असे सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तिकिटेच ना?" तिकिटे नव्हेत, पाकिटे. तिकीट सोलून काढले की हाती उरतो तो रंगीत कागदाचा तुकडा. पत्र कोठून निघाले, कोणत्या तारखेला निघाले, कोणत्या वाटेने आले आणि कोणाच्या हाती पडले, हे सारे पाकिटावर असते. पाथरीकरांना खरे तर हे समजावून सांगावे लागू नये. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांत आहे, आणि या गावासाठी बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला, हे फरिश्त्याने फारसीत लिहून ठेवले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्याने लिहिले नसते तर गावातल्या कोणाला आठवले असते?

आम्ही दोघे-तिघे भाऊ या नादाला लागलो ते पोरवयात. त्यातला एक वेगळा नाद मात्र पुढे लागला, एका अमेरिकन पाकिटामुळे. हैदराबादला जुन्या कागदांच्या ढिगात ते आम्हांला मिळाले. डाव्या बाजूला छोट्या विमानाचे चित्र आणि बायकांच्या विमान शर्यतीचे नाव. तिकिटावर शर्यत सुटली त्या गावचा शिक्का. उलटून पाहिले तर शर्यत संपली त्या गावचा शिक्का, चार दिवसांनंतरचा. आणि खाली दोन सह्या, एक वैमानिकेची, दुसरी तिच्या सोबतिणीची. म्हणजे हे पाकीट टपालाच्या गाडीतून आलेच नव्हते. शर्यतीतल्या एका विमानात, बहुधा नकाशांच्या शेजारी पडून, ते देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले होते.

त्या शर्यतींची कथा थोडक्यात सांगायला हवी. १८ ऑगस्ट १९२९ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून ओहायोतल्या क्लीव्हलँडकडे २० जणी निघाल्या. वाटेत अॅरिझोनात मार्व्हल क्रॉसन ही वैमानिक मरण पावली. शर्यत थांबवा, बायकांना हे झेपणारे नाही, असा ओरडा झाला. बाकीच्या थांबल्या नाहीत. लुईस थेडन पहिली आली. विल रॉजर्स नावाच्या विनोदी लेखकाने या शर्यतीला 'पावडर पफ डर्बी' म्हटले, म्हणजे तोंडाला पावडर फासणाऱ्यांची शर्यत. त्याच वर्षी नोव्हेंबरात वैमानिक स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि सुरुवातीच्या ९९ सभासदांवरून तिचे नाव 'नाइन्टी-नाइन्स' पडले. पुढे १९४७ पासून त्यांची वार्षिक शर्यत सुरू झाली, ती १९७७ पर्यंत चालली. लोक तिला त्याच हिणवणीच्या नावाने ओळखत, आणि या बायकांनीही ते नाव खुशाल मिरवले.

आम्हांला त्यांचे कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आपल्या शर्यतीची पाकिटे त्यांनी स्वतः छापली, विमानांतून नेली, दोन्ही टोकांना शिक्के मारून घेतले आणि विकली. त्यातून थोडा पैसा उभा राहत असे, हे तर झालेच. पण वर्तमानपत्राने बातमी छापो न छापो, सरकारी टपाल खात्याचा तारखेसह शिक्का त्यांच्या उड्डाणाला साक्षीदार राहिला. अमेलिया इअरहार्ट हीही मोहिमेचा खर्च भागवायला अशी पाकिटे विमानातून नेत असे. १९३७ च्या जगप्रदक्षिणेत ती १५ जूनला कराचीला उतरली आणि १७ जूनला कलकत्त्याला पोहोचली. २ जुलैला पॅसिफिक महासागरावर ती बेपत्ता झाली आणि तिच्यासाठी तयार केलेली हजारो पाकिटेही तिच्याबरोबर गेली. अमेरिकेने १९६३ मध्ये तिच्यावर ८ सेंटचे हवाई टपालाचे तिकीट काढले.

आता आपल्याकडे वळू. हवाई टपालात हिंदुस्थान मागे नव्हता. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला गेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला उतरले. या दोन्ही उड्डाणांची पाकिटे संग्राहक जिवापाड जपतात. त्यांवर नावे आहेत ती पुरुषांची. बायका उडत नव्हत्या म्हणून नव्हे.

हिजाब इम्तियाज अली यांचे नाव आपल्या आज्यांच्या पिढीतल्या उर्दू वाचणाऱ्या बायकांना नवे नव्हते. जन्म १९०८ चा, हैदराबादचा. कथा-कादंबऱ्यांनी त्यांना नाव मिळाले. 'अनारकली' नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज हे त्यांचे पती. १९३६ मध्ये लाहोरच्या नॉर्दर्न इंडिया फ्लाइंग क्लबातून या बाईंनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. मुस्लिम स्त्री म्हटली की ज्यांच्या लेखणीला पडद्यापलीकडे काही सुचत नाही, त्यांनी या वैमानिकेचे नाव हिजाब होते, हे एकदा ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी, त्याच लाहोरात सरला ठकराल यांनीही परवाना मिळवला. भोपाळच्या शहजादी आबिदा सुलतान यांना तो १९४२ मध्ये मिळाला.

पण आमच्या पाकिटांशी ज्यांचा धागा सर्वांत जवळून जुळतो त्या प्रेम माथूर. १९४७ मध्ये त्यांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. एकामागून एक आठ कंपन्यांनी त्यांना नाकारले. प्रवाशांना बाईच्या हाती विमान दिसले तर ते बसतील का, ही अडचण. अखेर त्यांना घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. ही कंपनी निजाम सरकारच्या रेल्वेने आणि टाटांनी मिळून १९४५ मध्ये काढलेली. ज्या रेल्वेच्या मानवत रोड स्टेशनावर उतरून आपली मंडळी पाथरीला येत, ज्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या, तिचेच हे विमानांचे अंग. प्रेम माथूर यांनी १९४९ ची राष्ट्रीय विमान शर्यत जिंकली. ती केवळ बायकांची शर्यत नव्हती. पुरुषांना मागे टाकून त्या पहिल्या आल्या. त्या शर्यतीचे एखादे पाकीट आमच्या वहीत असते तर अमेरिकेच्या पाकिटाला आम्ही दुसरे स्थान दिले असते.

इथे आमच्याच घरची गोष्ट सांगणे भाग आहे. दादीचे भाऊ हैदराबादला रेल्वेत नोकरीला होते. त्यांची पत्रे पाथरीला येत आणि दादी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. त्यांवर संस्थानची तिकिटे असत. हैदराबादची तिकिटे ही मोठी देखणी बाब. १८७१ पासूनच्या मालिकेत एवढ्याशा चौकोनात उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार भाषा नांदत होत्या. १९३१ च्या मालिकेत चारमिनार, उस्मानसागर यांच्या जोडीला अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा चाँद मिनार, असा मराठवाडाही होता. १ एप्रिल १९५० पासून ही तिकिटे बंद झाली आणि भारताची चालू झाली.

तो डबा आमच्या हाती लागला तेव्हा आम्हांला फक्त तिकिटे हवी होती. पोरांच्या मासिकात वाचले होते की पाकीट कोमट पाण्यात भिजवले म्हणजे तिकीट न फाटता सुटते. दुपारच्या वेळी परातीत पाणी घेऊन आम्ही डबाभर पाकिटे भिजवली. आतली पत्रेही कित्येकांत तशीच होती. शाई सुटून पाणी निळे झाले. तिकिटे वहीत गेली, लगदा उकिरड्यावर. दादी रागावली नाही. "लिहिणारा गेला, आता कागद काय करायचा?" एवढेच म्हणाली. ती पत्रे १९४६ ते १९५० या वर्षांतली होती. पोलीस अॅक्शन त्याच काळातले, डेक्कन एअरवेजही त्याच काळातले. रेल्वेतल्या माणसाने आपल्या बहिणीला विमानतळावरच्या त्या बाईबद्दल एक ओळ तरी लिहिली असेल का? ते परातीतल्या पाण्याबरोबर गेले. १९४८ नंतर मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांतले कागद भीतीपोटी गेले, त्यांचे दुःख वेगळे. आमचे कागद गेले ते हौसेपोटी.

संग्राहकाला चकवणारी आणखी एक बाब आहे. १ एप्रिल १९४९ पासून टपाल खात्याने देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना सुरू केली. तिच्या आधारासाठी त्याच वर्षी जानेवारीत रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली होती. चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. तेव्हापासून पाकिटावर 'हवाई डाक' लिहिण्याचे कारण उरले नाही. एखादे साधे पत्र आकाशातून आले की रुळांवरून, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाही. मग त्या विमानात कोण बसले होते हे कसे कळावे?

मराठवाड्याच्या वाट्याला अशी एक भेट पुढेही आली. कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिलचर हे केवळ स्त्रियांनी चालवलेले उड्डाण केले. सप्टेंबर १९८९ मध्ये बोइंग ७३७ वरचे तसेच पहिले उड्डाण झाले ते मुंबईहून औरंगाबादमार्गे उदयपूरला. त्या दिवशी चिकलठाण्याच्या धावपट्टीवर कोणी एखादे पाकीट घेऊन उभे असते, वैमानिकेची सही घेऊन शहरातल्या टपाल कचेरीत त्यावर शिक्का मारून घेतला असता, तर ते आज शहराच्या इतिहासाचा कागद झाले असते. आम्ही तेव्हा पाथरीतच होतो. एस.टी.ने दिवसभरात जाऊन येता आले असते.

दादीच्या डब्यातले एक पाकीट वाचले आहे. त्यावरचे तिकीट कोपऱ्यात फाटलेले होते, वहीत लावण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही ते पाण्यात टाकले नाही. तिकीट १ आण्याचे, चारमिनाराचे. वर हैदराबादचा उर्दू शिक्का, पाठीवर पाथरीचा, तारीख पुसट. आत पत्र नाही. ते आम्ही अमेरिकेच्या त्या पाकिटाशेजारी एकाच पानावर लावले आहे, आणि कोणी पाहायला आले की आधी पाठीवरचा शिक्का दाखवतो.