साठवलेल्या विजेची राखण

मोटारीची बॅटरी उतरली असता तिला क्षणभर आपली शक्ती उसनी देऊन इंजिन चालू करणारी, आणि गॅरेजमधील मंडळी जिला जंप स्टार्टर म्हणतात ती हातात मावणारी पेटी, हल्ली पुष्कळांच्या डिकीत पडलेली आढळते. तिचे घराणे शोधीत मागे गेल्यास आपण मे १८८१ मधील पॅरिस ते ग्लासगो या प्रवासापाशी येऊन थांबतो. कामील फोर या फ्रेंच संशोधकाने सिद्ध केलेले शिशाचे घट पॅरिसमध्ये विजेने भरून, सुमारे एक घनफूट आकाराच्या पेटीत बंद करून, तीन दिवसांच्या वाटचालीनंतर ग्लासगो येथे सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांच्या स्वाधीन करण्यात आले. ‘विजेची पेटी’ म्हणून गाजलेल्या त्या पेटीत दहा लाख फूट-पौंड, म्हणजे आजच्या मापाने पावणेचारशे वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा होती. डिकीतील आपल्या पेटीत बहुधा साठ-सत्तर वॅट-तासच असतात. तारेचा संबंध नसता वीज एका देशातून दुसऱ्या देशात सामानासारखी नेता येते याचे त्या काळच्या लोकांना अपार नवल वाटले, आणि ते यथार्थच होते. परंतु तीन दिवसांनी जे टिकले ते तीन महिन्यांनी टिकले असते काय, हा प्रश्न मला त्या नवलाहून अधिक मोलाचा वाटतो.

ह्या प्रश्नाचे मूळ फोरच्याही आधी, १८५९ साली गॅस्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडविले तेथे आहे. डायनामो तेव्हा व्यवहारात आलेला नव्हता. त्यामुळे घट भरण्यासाठी प्लांतेला दुसऱ्या रासायनिक घटांचाच आधार घ्यावा लागे, आणि पत्र्यांच्या अंगी वीज धरून ठेवण्याची शक्ती यावी म्हणून त्यांना भरणे, रिकामे करणे, उलट दिशेने भरणे आणि मध्ये दिवसेंदिवस विश्रांती देणे असा क्रम महिनेच्या महिने चालवावा लागे. विश्रांतीने पत्रे सुधारतात कसे, याचा उलगडा १८८२ साली ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा इंग्रज रसायनज्ञांनी केला: स्वस्थ पडलेल्या घटातही शिसे आणि त्यावरील प्राणिद यांच्यात अम्लाच्या साक्षीने गुप्त क्रिया चालू राहते, तिच्यामुळे सल्फेट तयार होते, आणि पुन्हा भरताना त्याचे क्रियाशील द्रव्यात रूपांतर होऊन साठवणीची जागा वाढते. म्हणजे प्लांतेच्या प्रयोगशाळेत जी क्रिया पट्टिका घडवीत होती, तीच भरलेल्या घटाची शिल्लक आतल्या आत खात होती. पेवातील धान्याला कीड बाहेरून लागते. विजेच्या पेवाची कीड त्याच्या भिंतीतच जन्मते.

१९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विद्युत्-स्टार्टर कॅडिलॅक मोटारीवर बसला, आणि हँडल मारताना इंजिनाच्या उलट झटक्याने मनगट मोडण्याचे भय हळूहळू संपले. परंतु त्याबरोबरच प्रत्येक मोटारमालकाच्या गळ्यात एका घटाची राखण पडली. आपल्याकडे ती राखण बॅटरी चार्जिंगच्या दुकानांनी पत्करली. एसटी स्टँडच्या आसपास, लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, प्रवाहाला आवर घालण्यासाठी मध्ये दिव्यांची माळ, टोपणे उघडी, अम्लाचा घशाला झोंबणारा वास, आणि अंगावरच्या सदऱ्याला बारीक भोके पडलेला कारागीर हातात हायड्रोमीटर घेऊन एकेका घटाचे गुरुत्व पाहतो आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना त्या धंद्यातील एकाग्रता निराळी सांगावयास नको. बॅटरीची गरज केवळ मोटारीलाच होती असे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत झाला. ज्या गावी वीज पोहोचली नव्हती तेथे रेडिओ बोलणे न बोलणे बॅटरीच्याच स्वाधीन असे. दुकानदाराचा तगादा एकच: बॅटरी वापरात नसली तरी महिन्यातून एकदा भरून न्या, रिकामी ठेवू नका. ह्या तगाद्याला शास्त्राचा भक्कम आधार होता. रिकाम्या घटातील कोवळे सल्फेट मुदतीत परत फिरविले नाही तर त्याचे टणक स्फटिक होतात आणि मग कितीही वीज दिली तरी ती प्लेट जागी होत नाही. प्लेटी बळकट करण्यासाठी शिशात मिसळलेल्या अँटिमनीने ही आतली गळती आणखी वाढविली होती. अँटिमनीऐवजी कॅल्शियम घालण्याची युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९३५ च्या सुमारास निघाली, ती टेलिफोन कचेऱ्यांतील बॅटऱ्यांसाठी.

म्हणून ‘नेहमी भरलेली ठेवा’ हा दंडक चार पिढ्यांच्या अनुभवाने पक्का झाला. पहिले जंप स्टार्टर शिशाचेच, वजनदार, आणि त्यांनाही तो पुरेपूर लागू होता. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला, कालांतराने तोच ह्या पेटीत शिरला, आणि पदार्थ बदलला तरी दंडक जुनाच चालू राहिला. लिथियमची आतली गळती अल्प असते. त्याला बाधतात ती दोन टोके. काठोकाठ भरून उन्हात ठेवले तर त्याचे वय झपाट्याने सरते व पाकीट फुगते; अगदी तळ गाठू दिला तर आतील तांब्याचा पत्राच विरघळू लागतो, आणि पुढे चार्जर लावला असता ते तांबे भलत्या ठिकाणी साचून धोका उत्पन्न करते. केवळ टिकावयाचा असता तर घट अर्धाच भरलेला बरा. परंतु ही पेटी अडचणीच्या वेळेसाठी, तेव्हा पाऊण भरलेली, घरातील थंड जागी, दर तीन महिन्यांनी पाहिलेली आणि वापर झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा भरलेली असावी असे माझे मत आहे. बंद मोटारीत वैशाखातील दुपारी साठ अंशांचा ताव चढतो, आणि आपण नेमकी तेथेच तिला ठेवतो.

चार्जिंगच्या दुकानात प्रत्येक बॅटरीला मालकाचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असे. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजात जंप स्टार्टरच्या पाठीवर तशीच कागदी पट्टी चिकटविलेली मी पाहिली. तिच्यावर मागच्या चार भरण्यांच्या तारखा होत्या, आणि शेवटची अकरा दिवसांपूर्वीची होती.