दारफाळणी आणि शिळा सण



२०२० साली टाळेबंदी लागली आणि गटाच्या बैठका थांबल्या. तेव्हा आम्ही फोनवरून एक काम सुरू केलं. अलिबाग-रेवदंडा भागातल्या बेने इस्राएल आज्यांच्या आठवणी वहीत उतरवायच्या. ही कोकणातली, मराठी बोलणारी ज्यू माणसं. घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. मागे थोडीच घरं उरली.

एक आजी म्हणाल्या, “दार लावून बसणं आम्हांला नवं नाही गं.” योम किप्पूरच्या उपवासाला जुनी माणसं ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दिवसभर दार बंद, बाहेरच्या कुणाची भेट नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा, आप्तांकडे जायचं. आजी म्हणाल्या, “यंदा दार लागलं, पण शिळा सण काही येईना.”

सिनेगॉगमधल्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेही जमेनात. आजींनी घरीच पोहे, खोबरं, साखर कालवून एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला.

दुसऱ्या एका आजींचा फोन आम्ही पुढच्या आठवड्यावर टाकला. पुढच्या आठवड्यात फोन सुनेने उचलला. त्यांचं पान आमच्या वहीत कोरंच आहे.

म्हणून सांगतो, तुमच्या गावातल्या आजीला आजच विचारा. सुरुवात सणाच्या जेवणापासून करा, बाकीचं त्या आपणहून सांगतात.