घराच्या लाकडाचा दुसरा जन्म



जुनं घर पाडायला काढलं म्हणजे आधी कवेलू उतरतात, मग वासे, मग आढे नि तुळया, आणि शेवटी चौकटी व खांब. बांधतानाचा जो क्रम, त्याच्या बरोबर उलट. ही उतरंड नीट सांभाळली तर घराचं लाकूड दुसऱ्या घराच्या कामी येतं. घाई केली तर तेच चुलीत जातं. आपल्या हिंगणघाटाकडे लाकडाचं मोल कसं वाढत गेलं आणि आज ते आपण कसं विसरत चाललो आहोत, ते थोडक्यात पाहू.

हिंगणघाट हे वणा नदीकाठचं कापसाचं गाव. इथला कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारातही गावाच्याच नावानं ओळखला जाई. 1870 नंतरच्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशाकडे निघालेली रेल्वे हिंगणघाटावरून गेली. शतक संपता संपता गिरण्याही उभ्या राहिल्या. बाजार वाढला तशी घरं, दुकानं, गोदामं वाढली, आणि त्या साऱ्यांना लाकूड हवं होतं. या मुलखात उत्तम साग म्हटला म्हणजे चांद्याकडचा, आलापल्ली-अहेरीच्या रानातला.

पण त्याच काळात रानाचं दार हळूहळू लोटलं जात होतं. 1865 साली पहिला वनकायदा झाला, 1878 साली दुसरा आला, आणि जंगलं 'राखीव' व 'संरक्षित' अशी वाटली गेली. एकीकडे रेल्वेला रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकूड लागे. दुसरीकडे गावकऱ्यांच्या निस्ताराला, म्हणजे घरापुरतं लाकूड-सरपण आणण्याच्या वहिवाटीला, मर्यादा पडल्या. अशा वेळी घरात आलेला सागाचा खांब कोण फेकून देईल?

सुताराच्या हाती त्या लाकडाला पायऱ्या होत्या. तुळई निघाली तर ती आधी दुसऱ्या घराची तुळई. टोक कुजलं असेल तर तेवढं कापून तिची चौकट. चौकटीतून उरलं त्याचा पाट, फडताळाची फळी, नाही तर खुंट्या. छिलपे चुलीत आणि चुलीची राख भांडी घासायला किंवा शेतात. सरपण ही शेवटची पायरी होती, पहिली नव्हे. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून आणतात. असा लहानसा बैल कोरायला नवं झाड लागत नाही. तुळईचा उरलेला ठोकळा पुरतो.

हाच विचार आपल्या जिल्ह्यात पुढे देशापुढे मांडला गेला. 1936 साली गांधीजी शेगावात राहायला आले. तेच गाव 1940 पासून सेवाग्राम म्हणून ओळखलं जातं. तिथलं पहिलं घर, आदि निवास, माती, बांबू, लाकूड अशा जवळपासच्या सामानाचं, गावच्या कारागिरांच्या हातचं, आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत, अशा अटीवर उभं राहिलं. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या उद्योगातून शिकवण्याची नई तालीम पुढे आली. सूतकताईप्रमाणे सुतारकामही त्या शिक्षणात होतं.

दूर जपानातलं एक उदाहरण पाहा. इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी नवं बांधतात. अलीकडे ते 2013 साली झालं. जुन्या मंदिराचे मुख्य खांब पुलाच्या कमानींना लावतात, आणि उरलेलं लाकूड इतर मंदिरांना वाटून देतात.

आता आपल्याकडे बघा. स्लॅबची घरं आली. सेंट्रिंगच्या फळ्या, बल्ल्या, प्लायवुडचे तुकडे कामाच्या जागी पडून राहतात. जुना वाडा यंत्रानं एका दिवसात पाडतात, अन् सागाचे वासे विटामातीत मोडून पडतात. सागाचं झाड तुळईजोगं व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात, आणि आपण ते दुपारभरात वाया घालवतो. केंद्र सरकारनं 2016 साली बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केले. मोठ्या कामांवर लाकूड, लोखंड, विटा, काँक्रीट वेगवेगळं काढून ठेवायला त्यात सांगितलं होतं. आपले सुतार हे न सांगता करीत आले.

शेतकरी बंधूंनो, घर पाडण्याआधी सुताराला बोलवा. कवेलूपासून खाली, हातानं उतरवू द्या. खिळे उपसा, लाकूड जमिनीपासून उंच, सावलीत, मध्ये चिपा घालून रचा. वाळवी लागलेलं वेगळं काढा. सेंट्रिंगच्या फळीवर रंधा मारण्याआधी सिमेंट खरवडा, नाही तर पातं बोथट होतं. आणि एक लक्षात ठेवा: प्लायवुड व जुना तेलरंग दिलेलं लाकूड चुलीत घालू नका. डिंकाचा धूर नि रंगातलं शिसं घरातल्या लेकरांना बाधतं.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावी पडलेल्या एखाद्या घराचं लाकूड मुलांकडून मोजून घ्या. किती वासे, किती लांब, कशाच्या कामाचे? यात गणित आहे, इतिहास आहे आणि रानाचा हिशेबही आहे. त्यातल्या चार फळ्या शाळेच्या बाकाला लागल्या, तर तेवढं एक झाड आलापल्लीच्या रानात उभं राहील.