जव्हार-मोखाडा : भोजन, खरेदी आणि सोयी

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके. जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. येथील नगरपालिका १९१८ सालची. उपाहारगृहे, बँका व औषधांची दुकाने प्रामुख्याने तालुक्याच्या गावीच आहेत. त्यामुळे दाभोसा धबधबा किंवा खोडाळ्याकडे निघण्यापूर्वी रोख रक्कम, इंधन व औषधे घ्यावीत.

नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि पावसाळ्यात शेवळे, टाकळा या रानभाज्या हे येथील जेवण.

भौगोलिक मानांकन लाभलेली वारली चित्रे, बोहाड्याचे मुखवटे, बांबूची सुपे-टोपल्या ही येथील वैशिष्ट्यपूर्ण खरेदी. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे रोजगारासाठी वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. म्हणूनच थेट कारागिराकडून, घासाघीस न करता केलेल्या खरेदीचे मोल येथे अधिक आहे.