घाटमाथ्याचा वांक

संगमनेरहून पुण्याकडे निघालें म्हणजे चंदनापुरीचा घाट लागतो. बैलगाडीच्या काळीं अशा घाटांत विवंचना एकच असे, ती चढाची. बैलांना ओढवेल इतका चढ राखला, कीं रस्ता बांधणाराचें काम झालें. माथ्यावर चढ संपून उतार कसा लागतो, हें पाहण्याचें कारणच नव्हतें. ताशीं कोसभर चालणाऱ्या गाडीवानाला पलीकडची गाडी दिसली नाहीं, तरी तिच्या घुंगरांचा नाद ऐकूं येई.

मोटार आली आणि तोच माथा घातक ठरला. माथा जितका टोकदार, तितकी चालकाची दृष्टि आखूड. १९२७ सालीं मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालीं रस्त्यांच्या सुधारणेसाठीं समिति नेमली गेली आणि १९३४ मध्यें इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. या संस्थेनें पुढें ठरविलेलें गणित मोठें बोलकें आहे. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरावयाचा आणि वाटेंतील अडथळा १५ सेंटिमीटर. ताशीं ५० किलोमीटर वेगाला तो अडथळा ६० मीटरांवरून दिसावा, ८० किलोमीटरला १२० मीटरांवरून. दोन्हीं अंगांस विसांत एक असा चढ-उतार असलेल्या माथ्याला पहिल्या वेगासाठीं सुमारें ८२ मीटर लांबीचा वांक पुरतो; दुसऱ्यासाठीं ३२७ मीटर लागतात! वेग दुप्पटही झाला नाहीं, तोंच वांक चौपट झाला. जुने माथे फोडावे लागतात, त्याचें एक कारण हें.

हा वांक वर्तुळाचा नसून अन्वस्ताचा, म्हणजे फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखा, घेतात. त्यांत चढ सारख्या प्रमाणानें उतरत जातो, त्यामुळें हिशेब हातानेंही सोपा. शिवाय रस्त्याचा उभा छेद काढतांना उंची बहुधा दसपट ताणून दाखवितात. एरव्हीं चढ कागदावर दिसावयाचेच नाहींत. ताणलेलें वर्तुळ लंबवर्तुळ होतें, ताणलेलें अन्वस्त मात्र अन्वस्तच राहतें. १९८२ सालीं ऑटोकॅड निघालें आणि हळूहळू कागदाची जागा संगणकाच्या पडद्यानें घेतली, तरी ही मेख सुटली नाहीं. ताणलेल्या छेदावर कोणी सरळ वर्तुळाचा तुकडा बसविला, तर जमिनीवर तो वर्तुळाचा राहतच नाहीं. रस्त्यांसाठींच केलेल्या पुढच्या प्रणाली दोन चढ आणि लांबी एवढ्यावरून अन्वस्त आपणच काढतात; वेग किती धरावयाचा, तें अभियंता सांगतो.

कोपरगांव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाची सपाटीवरील आखणी ताशीं १५० किलोमीटर वेग धरून केलेली आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग २०२२ सालीं खुला झाला. एवढ्या वेगाला वांक इतका लांब ठेवावा लागतो, कीं चढ केव्हां सरला हें प्रवाशाला कळतही नाहीं.