‘कोड हाच कायदा’ या तत्त्वाची पहिली कसोटी

‘द डीएओ’ ही एथेरियम या ब्लॉकचेनवर ३० एप्रिल २०१६ रोजी सर्वांसाठी खुली झालेली गुंतवणूक संस्था होती. तिला संचालक मंडळ नव्हते, कार्यालय नव्हते आणि कोणत्याही देशात तिची नोंदणी झालेली नव्हती. तिची घटना, तिजोरी आणि मतमोजणी यंत्रणा या तिन्ही गोष्टी एकाच संगणकीय कोडमध्ये सामावलेल्या होत्या. ईथर हे चलन जमा करणाऱ्याला टोकन मिळत, टोकनांच्या प्रमाणात मताधिकार मिळे आणि बहुमताने मंजूर झालेल्या प्रस्तावाला कोड आपोआप पैसे देई. माणसांच्या लहरीपासून आणि भ्रष्टाचारापासून मुक्त असा कारभार कोडच्या आधारे चालवता येईल, हा विचार इथे प्रथमच मोठ्या रकमेनिशी आजमावला गेला. म्हणूनच जेमतेम तीन महिने टिकलेल्या या संस्थेचा इतिहास तिच्या आयुष्यापेक्षा फार मोठा आहे.

हा विचार त्याआधी दोन दशके आकार घेत होता. १९९०च्या दशकात निक साबो यांनी ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ची कल्पना मांडली. अटी पूर्ण होताच स्वतःहून अमलात येणारा करार, असे तिचे स्वरूप होते. नाणे टाकताच वस्तू देणारे विक्रीयंत्र हे त्यांनी दिलेले उदाहरण. १९९९ साली कायद्याचे अभ्यासक लॉरेन्स लेसिग यांनी इंटरनेटवर कोडच कायद्याचे काम करतो, असे प्रतिपादन केले. त्यांचा रोख इशाऱ्याचा होता. हा कायदा कोण लिहितो, यावर समाजाने लक्ष ठेवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे क्रिप्टो चळवळीने नेमका हा भाग गाळला आणि उरलेल्या वाक्याची घोषणा केली. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या आतच राहतील हा नियम मध्यवर्ती बँकेविना पाळून दाखवला, तेव्हा त्या घोषणेला बळ मिळाले. २०१३च्या अखेरीस व्हिटालिक ब्युटेरिन यांनी कोणताही करार लिहिता येईल अशा ब्लॉकचेनचा आराखडा मांडला आणि ३० जुलै २०१५ रोजी एथेरियम सुरू झाले.

द डीएओचा कोड जर्मनीतील स्लॉक.इट या कंपनीने, मुख्यतः ख्रिस्तोफ येन्ट्श यांनी लिहिला. २८ मे २०१६ पर्यंत तिच्यात सुमारे १ कोटी २० लाख ईथर जमा झाले. त्यांचे मूल्य तेव्हा सुमारे १५ कोटी डॉलर होते. अस्तित्वात असलेल्या एकूण ईथरपैकी १४ टक्क्यांच्या आसपास चलन एकाच कराराच्या ताब्यात आले. संस्थेच्या अटींमध्ये एक कलम स्पष्ट होते: माहितीपत्रकातील वर्णन आणि कोड यांत तफावत आढळल्यास कोड प्रमाण मानावा. विक्री संपत आली असतानाच एमिन ग्युन सिरर, व्लाद झामफिर आणि डिनो मार्क या संशोधकांनी रचनेतील दोष दाखवून कारभार तूर्त थांबवण्याची मागणी केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अशा करारांतील एका विशिष्ट दोषाची जाहीर चर्चाही झाली. द डीएओच्या रकमेला धोका नाही, असे आश्वासन त्यावर कंपनीकडून मिळाले.

१७ जून रोजी पैसे बाहेर जाऊ लागले. संस्थेतून वेगळे होऊ इच्छिणाऱ्या सभासदाला त्याचा वाटा काढून देण्याची सोय कोडमध्ये होती. मात्र त्यात पैसे आधी दिले जात आणि सभासदाची शिल्लक नंतर कमी केली जाई. रोखपालाने नोटा हातात ठेवाव्यात आणि खातेवहीत नोंद होण्याआधीच ग्राहकाने पुन्हा तीच मागणी करावी, तसा हा प्रकार होता. हल्लेखोराने आपल्या बाजूचा कोड असा लिहिला की पैसे हाती पडताच तो पुन्हा मागणी करी. अशा रीतीने सुमारे ३६ लाख ईथर एका उपसंस्थेत गेले. नियमानुसार ते तिथून काही आठवडे हलवता येणार नव्हते, म्हणून विचाराला थोडा अवधी मिळाला. दरम्यान काही जाणकारांनी तोच दोष वापरून उरलेली रक्कम सुरक्षित ठिकाणी काढून घेतली.

पुढचा वाद पैशांपुरता राहिला नाही. कोडने परवानगी दिलेली कृती चोरी ठरते का, हा प्रश्न उभा राहिला. अटी शब्दशः वाचल्या तर उत्तर नकारार्थी होते, आणि हल्लेखोराच्या नावाने फिरलेल्या एका पत्रात हाच युक्तिवाद होता. ते पत्र खरोखर त्याचेच होते, हे सिद्ध झाले नाही. दुसऱ्या बाजूला हजारो ठेवीदार होते. एकूण ईथरपैकी सुमारे चार टक्के चलन अज्ञात व्यक्तीच्या हाती गेले तर एथेरियमचे भवितव्यच धोक्यात येईल, अशी त्यांची भीती रास्त होती. ती रक्कम केवळ गोठवण्याचा पहिला प्रस्ताव त्यातच नवा दोष सापडल्याने मागे पडला. मग खातेवहीतील ती शिल्लक थेट दुसऱ्या करारात वळवून ठेवीदारांना परत देण्याचा, म्हणजे ‘हार्ड फोर्क’चा, पर्याय पुढे आला. ईथरच्या प्रमाणात घेतलेल्या घाईच्या मतचाचणीत सुमारे ८७ टक्के कौल बाजूने पडला, पण मतदानात उतरलेले ईथर एकूण चलनाच्या सहा टक्क्यांहूनही कमी होते. प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत फोर्क स्वीकारणे हाच आधीपासून निवडलेला पर्याय ठेवण्यात आला. राजकारण टाळण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेत प्रचार, मतदान, विकासकांचे वजन आणि वेळेचा दबाव हे सारे अवघ्या पाच आठवड्यांत अवतरले. मात्र या निर्णयासाठी लिखित नियम एकही नव्हता, आणि ही उणीव कोडमधल्या दोषाहून गंभीर होती.

२० जुलै २०१६ रोजी १९,२०,००० क्रमांकाच्या ब्लॉकवर बदल अमलात आला. बहुसंख्य मायनर, म्हणजे व्यवहारांची नोंद करणारे संगणकचालक, नव्या साखळीवर गेले आणि ठेवीदारांना १०० टोकनांमागे एक ईथर परत घेता आला. हा हस्तक्षेप अमान्य असलेल्यांनी जुनी साखळी चालू ठेवली. ती ‘एथेरियम क्लासिक’ या नावाने आजही आहे, आणि हल्लेखोराचे चलन तिच्यावर त्याचेच राहिले. तत्त्वनिष्ठेची किंमत या साखळीला मोजावी लागली. तिच्या रक्षणासाठी लागणारी संगणकशक्ती तोकडी पडल्याने जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये बहुसंख्य संगणकशक्ती बळकावून तिच्यावरील व्यवहार उलटवण्यात आले.

सरकारी कायदाही फार काळ दूर राहिला नाही. २५ जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या रोखे नियामकाने द डीएओची टोकने रोखेच असल्याचा निष्कर्ष जाहीर केला, पण कारवाई केली नाही. २०२१ मध्ये वायोमिंग राज्याने अशा संस्थांना कायदेशीर नोंदणीचा मार्ग दिला. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने ‘ऊकी डीएओ’ या संस्थेला कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ मानून दंड ठोठावला. संस्था केवळ कोड आहे म्हणून तिच्यावर खटला चालत नाही, ही समजूत तिथे संपली.

टोकनांच्या प्रमाणात मत देण्याची पद्धत मात्र टिकली आणि तिचा कमकुवतपणा १७ एप्रिल २०२२ रोजी ‘बीनस्टॉक’ या प्रकल्पात दिसला. एका व्यक्तीने क्षणभरासाठी सुमारे एक अब्ज डॉलरचे कर्ज उचलले, दोन तृतीयांशांहून अधिक मते मिळवली, आदल्या दिवशी स्वतःच मांडलेला प्रस्ताव संमत केला, तिजोरी रिकामी केली आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडले. प्रकल्पाचे नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलर झाले. अशा हल्ल्यांपासून बचाव म्हणून आता अनेक संस्थांमध्ये प्रस्ताव संमत झाल्यापासून तो अमलात येईपर्यंत सक्तीचा कालावधी ठेवतात. शिवाय संकटकाळी कारभार थांबवण्याचा अधिकार काही निवडक माणसांच्या सामाईक सह्यांकडे दिलेला असतो.