टेस्ट ट्यूब बेबी: अनेक हातांची कुळकथा

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन जन्मली. शरीराबाहेर बीजफलन घडवून जन्मलेले हे जगातले पहिले मूल. या जन्मामागे दहा वर्षांची सहकार्याची मेहनत होती.

केंब्रिजचे रॉबर्ट एडवर्ड्स बीजांड कसे पक्व होते याचा अभ्यास करत होते. पण स्त्रीच्या शरीरातून पक्व बीजांड मिळवणार कसे? ओल्डहॅमचे स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. १९६८ मध्ये दोघे एकत्र आले. काचेच्या ताटलीत बीजांड फळण्यासाठी लागणारा पोषक द्राव बॅरी बॅव्हिस्टर या तरुण संशोधकाने हॅमस्टरवरील प्रयोगांसाठी तयार केला होता. १९६९ मध्ये तोच मानवी बीजांडाला लागू पडला. प्रयोगशाळेची घडी बसवली जीन पर्डी या परिचारिकेने. गर्भाच्या वाढीवर नजर ठेवणारीही तीच. १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने निधी नाकारला, तेव्हा खासगी देणग्यांवर काम चालू राहिले.

लुईसनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांच्यासोबत शीतकरणाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य होते. गर्भ गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडण्याची त्यांची पद्धत काळाच्या पुढची होती. सरकारी समितीने मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. परदेशी परिषदेत काम मांडण्याची परवानगीही मिळाली नाही. १९८१ मध्ये सुभाष मुखर्जींनी आयुष्य संपवले आणि ते काम तिथेच थांबले.

मुंबईत परळला महापालिकेचे केईएम रुग्णालय आणि प्रजनन संशोधन संस्था यांनी हातमिळवणी केली. डॉ. इंदिरा हिंदुजा रुग्णांवर उपचार करत, तर डॉ. टी. सी. आनंदकुमार प्रयोगशाळेची बाजू सांभाळत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये मुलगी जन्मली आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली.

पुढे सुभाष मुखर्जींची हस्तलिखित टिपणे आनंदकुमारांच्या हाती आली. ती बारकाईने तपासून १९९७ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिले, की पहिलेपणाचा हा मान मुखर्जींचाच आहे.

श्रेयाचा असाच प्रश्न इंग्लंडमध्येही होता. या कामाच्या ओल्डहॅममधील पहिल्या स्मृतिफलकावर पर्डी यांचे नाव नव्हते. ते असावे असा आग्रह एडवर्ड्स यांनी पत्रांतून धरला होता. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले तेव्हा एडवर्ड्स, स्टेप्टो आणि पर्डी या तिघांपैकी ते एकटेच हयात होते.

मूल होण्याची वाट पाहणाऱ्या असंख्य घरांना या तंत्राने आशा दिली, ती डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा एकमेकांवर विसंबल्यामुळे. स्वतःच्या नावावरचा मान पुरावा पाहून दुसऱ्याला देणारे आनंदकुमार मला या कुळातले सर्वांत मोठे संशोधक वाटतात.